फुटबॉल मॅचचे फोटो काढायचेत? फोनच्या आणि कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज, आणि पैसे नेमके कशावर घालायचे

आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असली की मैदानावर कॅमेरा, कॉमेंट्री, यूट्यूबवर लाइव्ह, सगळं असतं. फुटबॉलच्या पोरांच्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. मी मोऱ्याचा. इथे अख्खा हंगाम खेळलेल्या मुलाकडे स्वतःचा खेळतानाचा एक धड फोटो नसतो. असतो तो कुणीतरी लांबून काढलेला, ज्यात तो तपकिरी मैदानावरचा ठिपका असतो आणि 'हा बघ, हा मी' असं बोट ठेवून सांगावं लागतं. मग स्पर्धेच्या बॅनरवर पासपोर्ट साइझचा फोटो लागतो. आधारकार्डावरचाच!

त्यामुळे टीममधल्या ज्या कुणाचा फोन बरा, तो आपोआप फोटोग्राफर होतो. आणि दोन मॅचनंतर त्याला वाटायला लागतं की फोनने काही होणार नाही, कॅमेरा घ्यायला पाहिजे, हप्त्यावर मिळतोय. थांबा. हप्ता सुरू करण्याआधी फोन कुठे कमी पडतो आणि कुठे आपण त्याला चुकीचं काम सांगतोय, हे वेगळं काढता आलं पाहिजे. या लेखात तेच बघूया.

फोटो पुसट का येतो? आधी हे गणित

जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला साधारण ७ मीटर जातो. कॅमेऱ्याचं शटर १/१०० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात तो ७ सेंटिमीटर सरकतो. चेहरा ओळखू न येण्यासाठी एवढं पुरेसं आहे. तेच शटर १/१००० सेकंद असेल तर तो फक्त ७ मिलिमीटर सरकतो, म्हणजे लांबून जवळजवळ स्थिरच.

चेंडूचं तर विचारूच नका. जोरकस किक ताशी ९० किलोमीटरची धरली, तर चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. १/१०० सेकंदात २५ सेंटिमीटर. पाच नंबरच्या चेंडूचा व्यास असतो साधारण २२ सेंटिमीटर. म्हणजे शटर मिटेपर्यंत चेंडू स्वतःच्या आकारापेक्षा जास्त पुढे गेलेला असतो आणि फोटोत पांढरा पट्टा उरतो. १/१००० ला तो अडीच सेंटिमीटर सरकतो आणि गोल दिसतो.

यातून एकच आकडा लक्षात ठेवा: १/१०००. उजेड कमी असेल तर १/५०० पर्यंत खाली या. त्याखाली धावपळीचे फोटो नशिबावर असतात.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'माझ्या फोनला ओआयएस आहे, मग फोटो का हलतो?' ओआयएस म्हणजे तुमच्या हाताचं थरथरणं सावरणारी सोय. समोरचा स्ट्रायकर धावतोय, त्याला ती थांबवू शकत नाही. झाडाचा, देवळाचा फोटो ओआयएसने सुंदर येईल. खेळाडूला थांबवतं ते फक्त शटर.

आता एक काम करा. गॅलरीतला तुमचा जुना मॅचचा फोटो उघडा आणि त्याचे डिटेल्स बघा (बहुतेक फोनमध्ये फोटो वर सरकवला किंवा तीन ठिपके दाबले की दिसतात). तिथे १/१२०, आयएसओ ८०, एफ/१.८ असं काहीतरी लिहिलेलं असेल. पहिला आकडा शटरचा. तो १/१२० असेल आणि आयएसओ १०० च्या आत असेल, तर तुमच्या फोनकडे उजेड भरपूर होता, पण त्याने शटर संथ ठेवलं, कारण त्याला हे खेळाचं मैदान आहे हे माहीतच नव्हतं. हा दोष सेटिंगने सुटतो, पैशाने नाही. उलट शटर संथ असूनही आयएसओ दोन-तीन हजारांवर गेलेला असेल, तर उजेडच नव्हता. तिथे फोनची हद्द संपते.

फोनमध्ये काय बदलायचं

फोनमध्ये 'प्रो' मोड असेल तर त्यात जा, शटर (एस) १/१००० वर ठेवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. काही फोनमध्ये एक गोष्ट हाताने धरली की दुसरीही हातानेच ठेवावी लागते. तसं असेल तर कडक उन्हात आयएसओ सगळ्यात कमी ठेवून आणि ढगाळ हवेत तो थोडा वाढवून सुरुवात करा. स्क्रीनवर काळोख दिसला तर आयएसओ वाढवा, चेहरे पांढरेफटक दिसले तर कमी करा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचं ॲपर्चर सहसा पक्कं असतं, बदलता येत नाही. तिथे डोकं लावू नका.

प्रो मोड नसेल तर अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे फुकट ॲप आहे. फोन परवानगी देत असेल तर त्यात शटर आणि आयएसओ हाताने ठेवता येतात. सगळे फोन देत नाहीत, बसवून बघायला काही जात नाही. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हाताने ठेवायची सोय नाही. पण भर उन्हात तो स्वतःहून बऱ्यापैकी वेगवान शटर धरतो. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस-एक्स्पोजर लॉक करायचं आणि बोट थोडं खाली ओढून फोटो किंचित गडद करायचा. गडद केला की शटर आणखी जलद होण्याची शक्यता वाढते.

मग या गोष्टी बंद करा: नाइट मोड, पोर्ट्रेट मोड, ब्यूटी. एचडीआर बंद करता येत असेल तर तोही. एचडीआर म्हणजे फोन एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्यांचा एक फोटो बनवतो. समोर डोंगर असेल तर उत्तम, पण धावणारा मुलगा प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो. मग त्याला तिसरा पाय फुटतो किंवा हाताभोवती धुरकट सावली येते. पोर्ट्रेट मोडमध्ये तर चेंडू धूसर पार्श्वभूमीत हमखास गायब होतो.

२०० मेगापिक्सेलची जाहिरात बघून फोन घेतलेल्यांसाठी: तो फोन नेहमीच्या मोडमध्ये सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ते चांगलंच आहे. पूर्ण २०० चा मोड दोन फोटोंमध्ये वेळ खातो. मॅचमध्ये तो वापरू नका.

बर्स्ट मात्र शिकूनच घ्या. सॅमसंगवर शटरचं बटण कडेला ओढून धरायचं (सेटिंगमध्ये ते बटण बर्स्टसाठी निवडलेलं असावं लागतं). आयफोन ११ पासून पुढच्या फोनवर शटर डावीकडे ओढून धरायचं किंवा सेटिंगमध्ये जाऊन आवाज वाढवायच्या बटणाला बर्स्ट लावून ठेवायचा. हा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो, फोन आडवा धरल्यावर बोट आपोआप तिथेच असतं. पेनल्टी असेल तर किक मारणाऱ्याने पहिलं पाऊल उचललं की बर्स्ट सुरू करा, पाय चेंडूला लागेपर्यंत थांबू नका. तुमचा मेंदू, बोट आणि फोन या तिघांचा उशीर एकत्र झाला की चेंडू जाळ्यात गेलेला असतो.

फोकससाठी साधी युक्ती आहे. कॉर्नरच्या वेळी चेंडू कुठे पडणार हे साधारण ठरलेलं असतं. गोलपोस्टजवळ उभ्या असलेल्या कुणावर तरी बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि वाट बघा. खेळ तुमच्या फोकसमध्ये येईल.

आणि व्हिडिओचा पर्याय? ४के व्हिडिओमधली एक फ्रेम सुमारे ८३ लाख पिक्सेलची असते. इन्स्टाला, बॅनरच्या कोपऱ्याला पुरते. ऊन असेल तर व्हिडिओतही शटर जलद राहतं आणि फ्रेम स्वच्छ निघते. फक्त जागा बघा: आयफोनवर ४के, ६० फ्रेमचा एक मिनिट सुमारे ४०० एमबी खातो. नव्वद मिनिटांचे ३६ जीबी झाले. पूर्ण मॅच रेकॉर्ड करू नका, कॉर्नर, फ्री किक आणि पेनल्टी एवढंच घ्या.

झूम: इथे फोन खरोखर कमी पडतो

फोनची मुख्य लेन्स साधारण २४ मिमीची असते (फुल-फ्रेमच्या हिशेबात). ३० मीटरवरचा खेळाडू टिपायला गेलात तर तिच्या चौकटीत सुमारे ४३ मीटर रुंदीचं मैदान मावतं. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी ४००० पिक्सेल धरली, तर पावणेसहा फुटी खेळाडूच्या वाट्याला येतात दीडशेच्या आसपास पिक्सेल. हाच तो ठिपका! खऱ्या ३ एक्स टेलिफोटोने ते पावणेपाचशे होतात, ५ एक्सने पावणेआठशेच्या पुढे. पावणेआठशे पिक्सेलमध्ये चेहऱ्यावरचा घामही दिसतो.

'खऱ्या' हा शब्द महत्त्वाचा. स्क्रीनवर ३ एक्स लिहिलं म्हणजे टेलिफोटो लेन्स चालू झाली असं नाही. उजेड कमी असला की बरेच फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करतात, कारण टेलिफोटोचा सेन्सर सहसा लहान असतो. तपासायचं कसं? ३ एक्स दाबा आणि मागच्या टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली तर लेन्स खरंच चालू आहे. चित्र तसंच राहिलं तर तुम्हाला नुसता कापलेला फोटो मिळतोय, आणि ते काम घरी बसून क्रॉप करूनही होतं. फोन विकत घेताना दुकानातही ही परीक्षा करून बघा, सेल्समनला काही वाटलं तरी चालेल.

ऑनलाइन मिळणाऱ्या, चिमट्याने लावायच्या '२० एक्स' दुर्बिणीसारख्या लेन्स घेऊ नका. कडा काळ्या येतात, मध्यभाग मऊ येतो आणि हात जरा हलला की खेळाडू चौकटीबाहेर. ते पैसे पॉवर बँकेला लावा.

फुकटातली लेन्स: तुमचे पाय

अंतर अर्धं केलं की खेळाडू दुप्पट मोठा दिसतो. गावातल्या मैदानाचा फायदा हाच, की तिथे गॅलरी नसते, तुम्ही रेषेपर्यंत जाऊ शकता. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींची मॅच असली की गर्दी एवढी असते की प्रेक्षकाला गॅलरीतली आपली जागाच धरून बसावं लागतं. तिथे फोनने मैदानातला चेंडू पकडायचा नाद सोडावा आणि गॅलरीतले चेहरे टिपावेत, ते मैदानापेक्षा कमी रंगतदार नसतात. आमच्यासारख्यांचं उलटं: प्रेक्षक मोजके, पण मैदान हाताशी.

मी स्वतः गोलरेषेच्या मागे, कॉर्नर फ्लॅग आणि गोलपोस्टच्या मधोमध बसतो. गोल ७.३२ मीटर रुंद आणि पेनल्टी बॉक्स १६.५ मीटर खोल असतो, म्हणजे तिथून बॉक्समधली झटापट १०-२० मीटरच्या टप्प्यात येते. खेळाडू तुमच्याकडे तोंड करून धावत येतात, पाठी दिसत नाहीत. बाजूच्या रेषेवर मधोमध उभं राहिलं की नव्वद टक्के फोटो कुशीचे आणि पाठीचे येतात, तरी सगळे तिथेच उभे राहतात, कारण तिथे सावली असते आणि गप्पा मारायला माणसं असतात.

उभे राहू नका, बसा. एक गुडघा टेकला तरी चालेल. खालून काढला की खेळाडू उंच दिसतो, उडी खरी वाटते, आणि मागे चिखलाऐवजी झाडं किंवा आभाळ येतं. रेषेपासून दोन-तीन मीटर मागे राहा. ज्या बाजूने लाइनमन धावतो ती सोडा. जाळ्याला चिकटून बसायचं असेल तर रेफ्रीला आधी विचारा, आणि गोलकीपरशी बोलू नका. तो ऐकून घेत नाही असं नाही, पण गोल झाला की दोष तुमच्यावर येतो.

ऊन पाठीशी किंवा तिरकं ठेवा. संध्याकाळच्या मॅचला सूर्य पश्चिमेला, म्हणून पूर्वेकडे तोंड करून बसता येईल अशी जागा शोधा. दुपारी बाराचं ऊन सगळ्यात वाईट, डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते. त्या वेळी हेडरचे फोटो चांगले येतात, कारण चेहरा वर वळलेला असतो.

फोटो चेंडूचेच असतात असंही नाही. पेनल्टी चुकलेला मुलगा, बाहेर बसवलेला राखीव खेळाडू, बूट बांधणारा कॅप्टन, हे सगळे स्थिर असतात आणि साधा फोनही ते उत्तम टिपतो. गोल झाल्यावर चेंडूकडे बघू नका, ज्याने मारला त्याच्या मागे जा.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर

वरचं सगळं करून झालं, दोन-तीन महिने नियमित मॅचेस काढल्या आणि तरी खेळाडू लहानच येतोय, तर मग कॅमेऱ्याचा विचार करा. पण नवाच हवा असा हट्ट नको, आणि पैसे बॉडीपेक्षा लेन्सवर जास्त घाला. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स फुटबॉलला जवळपास निरुपयोगी. कॅननचा ५५-२५० (आयएस एसटीएम) किंवा निकॉनचा एएफ-पी ७०-३०० ही साध्या माणसाची फुटबॉलची लेन्स. निकॉनच्या एपीएस-सी बॉडीवर ३०० मिमी म्हणजे ४५० मिमीसारखं काम. ३० मीटरवर चौकटीत फक्त २.४ मीटर रुंदी मावते, म्हणजे एक खेळाडू आणि त्याला अडवणारा दुसरा.

मोठ्या मैदानांवर पत्रकारांच्या हातात दिसते ती ७०-२०० एफ/२.८. एफ/५.६ च्या मानाने ती चौपट उजेड आत घेते, म्हणून रात्रीही चालते. जड आणि महाग. एखाद्या मोठ्या फायनलसाठी भाड्याने आणावी, विकत घ्यायची घाई करू नये.

बॉडीत दोन गोष्टी बघा: सेकंदाला किती फोटो, आणि फोकसचे पॉइंट किती. कॅनन १५००डी सेकंदाला ३ फोटो काढतो आणि त्याला ९ पॉइंट आहेत. शिकायला चालेल, पण फुटबॉलला अपुरा वाटेल. निकॉन डी५६०० चे ५ आणि ३९. कॅनन ८०डी चे ७ आणि ४५. जुना ८०डी मला नव्या १५००डी पेक्षा केव्हाही परवडला. मिररलेसमध्ये सोनी ए६४०० सेकंदाला ११ आणि कॅनन आर१० मेकॅनिकल शटरने १५ फोटो काढतो, शिवाय ते खेळाडूचा डोळा-चेहरा ओळखून फोकस त्याच्यावर धरून ठेवतात. हा फरक मोठा आहे, किमतीतही आहे.

सेकंड-हँड घेताना मुंबईत फोर्टाच्या बोराबाजार भागात कॅमेऱ्याची दुकानं आहेत. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलं की फोर्ट फार लांब नाही, फक्त ओहोटीची वेळ बघून निघा, बंदरातल्या गाळामुळे लाँच अडते. नाहीतर जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल आहेच. दुकानात लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी सोडा. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, वीस-पंचवीस फोटो काढून घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे द्या. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून जुन्या 'एएफ-डी' लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाहीत. स्वस्तात मिळाली म्हणून घ्याल आणि हाताने रिंग फिरवत बसाल.

मेमरी कार्डावर व्ही३० किंवा यू३ लिहिलेलं असावं, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी. आणि रॉ नको, जेपीईजी काढा. रॉमध्ये साध्या बॉडीचा बफर काही फ्रेममध्येच भरतो, आणि गोल नेमका त्यानंतर होतो.

कॅमेऱ्याच्या सेटिंग्ज

सुरुवातीला शटर प्रायॉरिटी (कॅननवर टीव्ही, निकॉन-सोनीवर एस), शटर १/१०००, आयएसओ ऑटो. कॅमेरा ॲपर्चर स्वतःच उघडेल. हात बसला की मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ: ॲपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं, शटर तुमचं.

अंदाज यावा म्हणून, एफ/५.६ च्या लेन्सवर: लख्ख उन्हात आयएसओ २०० ला १/१६०० आरामात मिळतं. दाट पावसाळी ढगांत १/१००० साठी आयएसओ १६०० च्या घरात जातो. सूर्य बुडताना १/८०० ला ३२०० लागतात, आणि त्यानंतर उजेड दर काही मिनिटांनी निम्मा होत जातो. ६४०० ला दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार पण स्पष्ट फोटो लोक आनंदाने ठेवतात, गुळगुळीत पण हललेला कुणी ठेवत नाही.

फोकस सतत बदलणारा हवा: कॅननवर एआय सर्व्हो, निकॉन-सोनीवर एएफ-सी. सगळे पॉइंट चालू ठेवले की साधा कॅमेरा जवळच्या कुणाच्याही पाठीवर फोकस करतो, म्हणून मधला एक पॉइंट किंवा लहान झोन निवडा आणि तो खेळाडूच्या छातीवर धरा. बटण अर्धं दाबून त्याच्यासोबत फिरत राहा.

पांढरी जर्सी उन्हात फुटते, तिथे एक्स्पोजर -०.७ करा. मागे ढगाळ आभाळ आलं की चेहरे काळे पडतात, तिथे +०.७.

रात्रीच्या मॅचेस

गावच्या फ्लडलाइटमध्ये फोनने धावपळ टिपायचा हट्ट सोडा. फ्लॅश तर नकोच, तो चार-पाच मीटरच्या पुढे पोहोचत नाही आणि गोलकीपरच्या डोळ्यात जातो. मॅचआधीचा घोळका, हाफटाइम, बक्षीस समारंभ एवढं घ्या.

कॅमेरा असेल तर १/५०० आणि मिळेल तो आयएसओ. एक विचित्र गोष्ट दिसेल: एकाच बर्स्टमधला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, तिसरा पिवळा. कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, १/१००० च्या शटरला कळतं. फोनच्या स्लो मोशनमध्ये हेच लुकलुकणं दिसतं. ८०डी सारख्या काही बॉडीत अँटी-फ्लिकर आहे, तो दिवा तेज असतानाच शटर सोडतो. नसेल तर लांब बर्स्ट काढा आणि चांगले निवडा.

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारख्या ठिकाणी, जिथे २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने आणि २०२२ च्या मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाची फायनल झाली, दिवे टीव्हीसाठी असतात. तिथे उजेडाची अडचण कमी, प्रवेशाची जास्त. लेन्स बदलता येणारा कॅमेरा प्रेक्षकांना अनेकदा आत नेऊ देत नाहीत, म्हणून तिकिटावरच्या अटी आधी वाचा.

पाऊस, खारी हवा आणि ड्रोन

आमच्याकडे पावसात मॅच थांबत नाही. कॅमेऱ्यावर जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड, मागून हात घालायला भोक. फोनला झिपवाली पिशवी चालते, पण ओल्या स्क्रीनवर बोटं ओळखत नाहीत, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढा. लेन्स पुसायला जर्सी नको, चिखलातली वाळू काचेला ओरखडे पाडते.

समुद्राकाठी खरा शत्रू नंतर येतो. खारट दमट हवेत बॅगेत बंद ठेवलेल्या लेन्सला एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते. घरी आल्यावर कापड किंचित ओलं करून बॉडी पुसा, कोरडी करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. लेदरची बॅग सगळ्यात वाईट. एसी गाडीतून थेट मैदानावर आलात तर काचेवर वाफ धरते, दहा मिनिटं बॅगेतच राहू द्या.

ड्रोनबद्दल मुलं हमखास विचारतात. मोरा-उरण भागात उत्तर सहसा 'नको' असंच आहे. करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा, उरणला ओएनजीसी, पलीकडे जेएनपीए बंदर, आणि आता नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. डिजिटल स्कायच्या नकाशावर लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. मॅचच्या रीलसाठी पोलीस ठाण्याची पायरी चढण्यात अर्थ नाही. तसंच, मैदानावरून फोटो काढताना मागे अशी एखादी प्रतिबंधित जागा येत असेल तर कोन बदला.

कुणाचे फोटो काढतोय, आणि ते कुठे जातायत

शाळेच्या किंवा मुलींच्या मॅचला आधी कोचला विचारा, तुमचं नाव सांगा, फोटो कुठे टाकणार ते सांगा. पडलेली, जर्सी वर गेलेली फ्रेम बर्स्टमध्ये येतेच. ती मैदानावरच डिलीट करा, घरी नेऊ नका. कुणी 'माझा फोटो काढून टाक' म्हटलं तर कारण न विचारता काढा. लहान मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि सरावाची वेळ एकाच पोस्टमध्ये लिहू नका. एक वाईट फोटो गावभर फिरला की पुढच्या वर्षी त्या मुलीला घरून खेळायलाच सोडत नाहीत, आणि ते नुकसान कुठल्याही लेन्सने भरून निघत नाही.

तीनशे फोटोंमधून पंधरा निवडा. क्रॉप करताना पाय घोट्यापासून कापू नका आणि चेंडू शक्यतो चौकटीत ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो लहान होतो, आणि बॅनरवाल्याकडे जाऊन चौकोन-चौकोन दिसतो. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलला तारीख आणि जर्सी नंबर द्या, म्हणजे सहा महिन्यांनी निवड चाचणीच्या आदल्या रात्री 'माझा तो हेडरचा फोटो आहे का रे?' असा मेसेज आला की दोन मिनिटांत सापडतो.